दोन ठिपके आणि रॅले यांचा निकष

काही वर्षांपूर्वी मांजरीच्या एका शाळेत आम्ही साधा प्रयोग केला. फळ्यावर कागद लावून त्यावर शाईचे दोन बारीक ठिपके एक मिलिमीटर अंतरावर काढले आणि मुलांना मागे मागे सरकायला सांगितले. तीन-साडेतीन मीटरनंतर बहुतेकांना एकच ठिपका दिसू लागला. एका मुलीने विचारले, "भिंग अगदी निर्दोष केले, तर कितीही जवळचे ठिपके वेगळे दिसतील ना?" आम्ही ठामपणे सांगितले, "नाही, ही निसर्गाचीच मर्यादा आहे." ते उत्तर दुरुस्त करायला हवे.

भिंगातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते. त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. दोन चकत्या एकमेकींवर चढल्या, की तारा एक की दोन हे कळेनासे होते. १८७३ साली अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची मर्यादा मांडली. १८७९ साली लॉर्ड रॅले यांनी विभेदनाचा प्रसिद्ध निकष दिला. सोपा म्हणून सोयीचा, एवढाच रॅले यांचा दावा होता. पाठ्यपुस्तकांत मात्र सोयीचा निकष निसर्गनियम होऊन बसला.

२०१६ साली सिंगापूरमध्ये मँकी त्सांग, रंजित नायर आणि शाओ-मिंग लू यांनी पुंजयामिकीच्या आधारे हिशेब मांडला : दोन ताऱ्यांमधील अंतराची माहिती प्रकाशात मुळात असते किती? तारे जवळ आले तरी ती घटत नाही, असे उत्तर आले. ती हरवते आपल्या मोजण्याच्या रीतीत, कारण फोटॉन पडद्यावर कुठे पडला एवढेच आपण नोंदवतो. उसाचा भरलेला ट्रक क्लीनरसकट आणि क्लीनरविना काट्यावर तोलून क्लीनरचे वजन काढावे, तसे हे आहे.

मग उपाय काय? प्रकाश टिपण्याआधीच लहरींच्या आकारानुसार वेगळा करायचा. टोरांटोच्या प्रयोगात (२०१७) अर्ध्या प्रकाशाची कला उलटवून तो बारीक तंतूत सोडला. बरोबर मध्यावर एकच स्रोत असेल, तर दोन्ही अर्धे एकमेकांना रद्द करतात आणि पलीकडे अंधार राहतो. मध्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्रोत असतील, तर थोडे फोटॉन निसटतात. ते मोजले, की अंतर मिळते. अर्थात स्रोत दोन आहेत आणि मध्य कुठे आहे, हे आधी ठाऊक हवे.

२०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतील अशा सूक्ष्म मोजमापाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. मांजरीच्या त्या मुलीला आज आम्ही सांगू : भिंग सुधारून नव्हे, पण मोजण्याची रीत बदलून, काही प्रमाणात होय.