क्लिकचा भाव कोण ठरवतो?

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला कॉलम-सेंटिमीटरचा दर असे. खर्च आधीच कळायचा. १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोध-संकेतस्थळाने शोधयादीतली जागा क्लिकमागच्या बोलीवर विकायला काढली आणि हा हिशेब बदलला. गूगलने २००० साली जाहिरातींसाठी अ‍ॅडवर्ड्स आणलं, तेव्हा पैसे जाहिरात दिसण्याचे होते. २००२ मध्ये तिथेही क्लिकचा लिलाव आला. बोलीसोबत लोक जाहिरातीला किती प्रतिसाद देतात, हेही जमेस धरलं जाऊ लागलं. तेव्हापासून दरेक शोधाचा लिलाव वेगळा. शारदीय नवरात्रात तुळजापुरात खोली शोधणारे वाढतात, तेव्हा तिथला लहान लॉजवाला देशभर पसरलेल्या बुकिंग संकेतस्थळांसमोर बोली लावतो. त्याचा भाव प्रतिस्पर्धी ठरवतात. प्रतिस्पर्धी नसला तरी किमान भाव कंपनीचाच.

यावर कुणी म्हणेल, पूर्ण बोली थोडीच भरावी लागते? खालच्याला मागे टाकण्यापुरतेच पैसे जातात, आणि नेमकी, उपयोगी जाहिरात असेल तर कमी बोलीतही वरची जागा मिळते. हे खरंच आहे, आणि लहान माणसाची हीच मोठी संधी. पण क्लिक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. समजा, क्लिक ५ रुपयांना पडला आणि शंभरातल्या दोघांनीच खोली घेतली, तर एका बुकिंगला २५० रुपये लागले. १८ टक्के जीएसटी धरून २९५. शिवाय रोजच्या जाहिरात खर्चाची मर्यादा १०० रुपये ठेवली तरी एखाद्या दिवशी २०० पर्यंत जाऊ शकतात, कारण गूगल हिशेब महिन्यावर जुळवतं. म्हणून लॉजवाल्याने क्लिकचा नव्हे, बुकिंगचा भाव वहीत लिहावा.