फाईल आणि तिचा नियम : टेक्स्ट एडिटरच्या इतिहासातील एक प्रकरण

भीमा व नीरा यांच्या संगमावरील नरसिंहपूर (ता. इंदापूर) या गावाचे नाव संगणकात कोणत्या संकेतप्रणालीने नोंदले आहे, हे त्या फाईलमध्येच नमूद असते काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु मराठी मजकुराची वाचनीयता त्यावर अवलंबून राहिली आहे. युनिकोडनुसार या नावात ९ संकेत असून यूटीएफ-८ पद्धतीत ते २७ बाइट व्यापतात. भारतीय मानक ‘इस्की’मध्ये ९ बाइट पुरतात. या दोहोंत संकेत उच्चारक्रमाने येतात. १९९० च्या दशकातील फॉन्टवर आधारलेल्या फाइलींत मात्र ‘सिं’मधील वेलांटी, कागदावर दिसते तशी, ‘स’च्या आधी साठवली जाई. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांत दिसे. नियम यंत्रावर राही, फाईल मात्र दुसरीकडे जाई.

१९९१ च्या इस्की मानकाने (आय.एस. १३१९४) यावर अंशतः उपाय योजला होता. त्यातील एक विशेष संकेत पुढील मजकुराची लिपी त्या ओळीपुरती बदलू शके. म्हणजे लिपीची सूचना मजकुरातच होती. ही दूरदृष्टी मुद्रण व्यवसायात रुजली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रोग्रामरांच्या एडिटरांनी हाच मार्ग अधिक सातत्याने अनुसरला. ईमॅक्स फाईलची पहिली ओळ, तसेच अखेरच्या ३००० अक्षरांतील यादी तपासतो आणि त्या फाईलपुरती मांडणी बदलतो. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत बहुभाषिक व्यवस्था आल्यावर संकेतप्रणालीचे नावही तेथे लिहिता येऊ लागले. व्हिम सुरुवातीच्या व शेवटच्या पाच-पाच ओळी पाहतो. पायथन भाषेने २००१ च्या प्रस्तावात या दोन्ही एडिटरांच्या लेखनपद्धती मान्य केल्या. घोषणा पहिल्या दोन ओळींत असावी, एवढीच अट होती.

मांडणीसोबत आज्ञावलीही फाईलमध्ये लिहिता येते. ईमॅक्समध्ये फाईल उघडताच ती चालवण्याची सोय आहे. अनोळखी फाईलला एवढा अधिकार देणे धोक्याचे असल्याने ईमॅक्स आधी वापरकर्त्याची संमती विचारतो. व्हिममधील अशाच ओळींतून परकी आज्ञा चालवता येते, असा दोष २०१९ मध्ये उघड होऊन दुरुस्त झाला.

२००८ मध्ये पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-८ गृहीत धरल्याने तेथे घोषणेची निकड उरली नाही. जुन्या मराठी फाइलींना अशी ओळ कधी नव्हतीच. त्यांचा फॉन्ट जाणकाराला ओळखावा लागतो. मगच रूपांतरक वेलांटी ‘स’नंतर आणून ठेवतो.