मुस्तफा, एक रुपया आणि पडद्याबाहेरची मी

हेडफोन कानात असतील तर डोळ्यांपुढं एक दुकान आणा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, दाराला मळका पडदा. आत अंधार, चार मशिनी, आणि प्रत्येक मशिनीपुढं एक खेळणारा आणि सहा बघणारे. साल १९९८, गाव नांदेड, वजिराबादकडची एक गल्ली. मी दहा वर्षांची आहे आणि पडद्याबाहेर उभी आहे, दादाचं दप्तर धरून.

आज त्या पडद्यामागचा इतिहास सांगणार आहे. त्यात आमच्या घरातलं एक जुनं भांडणही आहे. पण सुरुवात लांबून करू.

१९७२ साली अमेरिकेत अटारी या नव्या कंपनीनं ‘पाँग’ नावाचा टेबल टेनिससारखा गेम बनवला. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावात एका बारमध्ये मशीन ठेवली. थोड्याच दिवसांत निरोप आला, मशीन बंद पडली. ती बनवणारा इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न बघायला गेला, तर बिघाड वेगळाच होता. नाण्यांचा डबा इतका गच्च भरला होता की नवीन नाणं आत जायला जागाच नव्हती! लोक नाणी टाकतात हे कळलं आणि धंदा सुरू झाला. १९७८ मध्ये जपानच्या तायतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८० मध्ये नामकोचा ‘पॅकमॅन’. स्पेस इन्व्हेडर्समुळं जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, असं एखाद्या रीलमध्ये ऐकलं असेल. गोष्ट भारी आहे, पण ती दंतकथा आहे.

मग हे सगळं गोदावरीकाठी कसं पोचलं? १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी ठरवलं की सगळ्या गेमच्या बोर्डांची जोडणी एकसारखी ठेवायची. त्याला ‘जामा’ म्हणतात. चार्जरसारखं समजा. आधी प्रत्येक मोबाईलची पिन वेगळी होती, आता बहुतेकांना टाईप-सी चालते. तसंच डबा तोच ठेवायचा, बोर्ड बदलला की नवा गेम. त्यामुळं अख्खी मशीन परदेशातून आणायची गरज उरली नाही. सुतारानं प्लायवूडचा डबा ठोकला, टीव्ही मेकॅनिकनं पिक्चर ट्यूब बसवली, आत बोर्ड लावला, झालं. तो बोर्ड बहुतेक वेळा कॉपी केलेला असायचा. आपल्या भाषेत, डुप्लिकेट.

नाण्याचंही एक गुपित आहे. नाणं आत पडताना एका बारीक पट्टीला धक्का देतं आणि स्विच दाबला जातो. बोर्डाला रुपया कळत नाही, फक्त धक्का कळतो. आमच्या गल्लीतल्या चाचांनी नाण्याची फट चक्क बंद करून टाकली होती. रुपया हातात घ्यायचे आणि स्वतः स्विच दाबायचे. मला वाटतं, त्याला कारण होतं. १९९२ पासून स्टीलचा नवा रुपया आला, जुन्यापेक्षा लहान आणि हलका. बरीच वर्षं दोन्ही नाणी बाजारात सोबत फिरत होती. एका फटीत दोन मापाचे रुपये कसे चालवायचे? त्यापेक्षा चाचांचा हात बरा.

आणि त्या अंधारातला राजा होता मुस्तफा. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉम कंपनी, साल १९९३. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून बनवलेला. खेळायला चार पात्रं होती: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. कॉमिकचा हिरो जॅक आहे. पण आपल्याकडं अख्ख्या गेमलाच मुस्तफा नाव पडलं. पळत येऊन मारलेली त्याची लाथ हे एक कारण. दुसरं कारण मला त्याचं नावच वाटतं. हजूर साहिबच्या या गावात मराठी, दखनी आणि पंजाबी एकाच टपरीवर ऐकू येते. आमच्या गल्लीत मुस्तफा नावाची दोन पोरं होती. जॅक एकही नव्हता.

त्या चौघांत हॅना बाई होती. दुकानात मात्र एकही पोरगी नसायची. तशी पाटी नव्हती, कुणी हाकललंही नाही. चाचा प्रेमानंच म्हणायचे, “बेटा, तू बाहर रुक, भाई अभी आता.” मी थांबायचे. पडदा हलला की स्क्रीनचा एक तुकडा दिसायचा. म्हणून जुन्या गेमच्या आठवणींनी कुणी हळवं झालं की मी मनात म्हणते, तुमच्या आठवणी आतल्या आहेत बाबांनो, माझ्या बाहेरच्या.

आता भांडणाकडं येते. २००० साली दहावी झाल्यावर दादा लातूरला गेला. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांमुळं ‘लातूर पॅटर्न’चं नाव तेव्हा गावोगाव झालं होतं. भाड्याची खोली, मेसचा डबा, पहाटे ट्युशन, दिवसा कॉलेज, रात्री सराव पेपर. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. दादा म्हणतो, माझा सतरावा होता, तो गेमच्या दुकानात जायचा. तिथं एसएनके कंपनीचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ चालायचा. बारावीच्या वर्षी अण्णा न कळवता लातूरला गेले. खोलीवर दादा नाही. शोधत शोधत त्याला पडद्याआडून कॉलर धरून बाहेर काढलं. पुढं मार्क कमी पडले, मेडिकल हुकलं. आणि आमच्या घरात वीस वर्षं एकच वाक्य राहिलं: “गेमनं पोरगं वाया घालवलं.”

अशी काळजी करणारे अण्णा एकटे नव्हते. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम चालकांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९९५ मध्ये, एम. जे. शिवानी खटल्यात, कोर्टानं सांगितलं की अशा दुकानांना परवान्याची अट घालता येते. आणि आईबापांचा संशय अगदीच खोटा नव्हता. गेम किती अवघड करायचा हे मालकाला सेटिंगमधून ठरवता यायचं. मेलात की स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू, नऊ, आठ, सात. तेवढ्यात दुसरा रुपया काढायचा. आज फोनवरचा गेम ‘अजून एक लाईफ घ्या’ म्हणून पैसे मागतो ना, त्याचा हा आजोबा.

पुढं सायबर कॅफे आले, टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले, भारनियमनात तासन्तास लाईट नसायची. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, शहराचं तोंड बदललं. चाचांचं दुकान त्याआधीच बंद झालं होतं. त्या दुकानाचा एक फोटोसुद्धा माझ्याकडं नाही.

गेम मात्र वाचला, तोही गमतीशीर रीतीनं. कॅपकॉमच्या मूळ बोर्डावर एक छोटी बॅटरी असते. ती संपली की आतली किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. डुप्लिकेट बोर्डात ती भानगडच नव्हती! शिवाय १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरनं ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं, जुन्या मशिनी कॉम्प्युटरवर चालवणारं. तुमच्या फोनवरचा मुस्तफा त्याच वाटेनं आलाय.

या एपिसोडसाठी मी दादाला पहिल्यांदाच विचारलं, “का जायचास रे तिथं?” त्याचं नांदेडमध्ये इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक गेल्यावर तो बोलला. “तिथं कुणी टक्के विचारत नव्हतं. आणि खेळायला पैसे कुठं होते? मेसचे देऊन काय उरायचं? दहातले आठ दिवस मी नुसता मागं उभा राहून बघायचो. अण्णा आले त्या दिवशी पण बघतच होतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं?”

वीस वर्षं मला वाटत होतं की तो आत खेळतोय आणि मी बाहेर उभी आहे. मग त्यानंच माझ्या फोनवर मुस्तफा लावून दिला. मी हॅना घेतली. दुसऱ्या स्टेजलाच मेले. दादा मागून म्हणाला, “उडी मारून लाथ मार की.” अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत.

तुमच्या घरीही असा कुणी असेल. काका, मामा, मोठा भाऊ. आज जेवताना विचारा, तू कुठल्या दुकानात जायचास, का जायचास. आणि आत्याला, मावशीला विचारा, तू कुठं उभी राहायचीस. उत्तर व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. या दुकानांचं कागदावर फार काही उरलेलं नाही, जे आहे ते याच लोकांकडं आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.