खेळता न येणाऱ्याचा खेळ

बंगळुरात कॅसिनो नाही. तो बघायचा तर गोव्याला जावे लागते. गोव्याच्या १९७६च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली. पुढे जहाजांवर टेबलावरच्या खेळांनाही परवानगी मिळाली आणि मांडवीच्या पात्रात रात्रीचे दिवे लागले. बंगळुरात असे काही घडले नाही. तरीही तिथे पोकरचे क्लब उभे राहिले. हिरव्या कापडाची टेबले, पत्ते वाटायला पगारी डीलर, पैसे मोजून घ्यायच्या चिप्स, सगळे कॅसिनोसारखेच. फक्त कॅसिनो हा शब्द नाही. हे कसे शक्य झाले, याची गोष्ट एका शब्दाभोवती फिरते. तो शब्द म्हणजे 'कौशल्य'. आणि या गोष्टीची सुरुवात पत्त्यांपासून नाही, शब्दकोड्यांपासून होते.

'स्पोर्टिंग स्टार' नावाचे इंग्रजी साप्ताहिक बंगळुरात छापले जाई आणि खपे मात्र मुंबई राज्यात. त्यातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बक्षिसांची शब्दकोडी चालवत असे. प्रवेशशुल्क आणि भरलेले फॉर्म गोळा करायला मुंबई राज्यात ठिकठिकाणी केंद्रे होती. मुंबई सरकारने १९४८च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यात छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या. वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी जिंकली, सर्वोच्च न्यायालयात हरली. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकाल देताना ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू आणि याज्ञवल्क्यापर्यंतचे दाखले दिले. जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही, असे ठरले. पण त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालाने एक दार उघडे राहिले. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगारात मोडत नाही, हे ते दार.

दहा वर्षांनी त्या दारातून रमी आत आली. सिकंदराबादच्या एका रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी धाड घातली होती. ते प्रकरण १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी म्हटले की रमी हा तीनपत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता पत्ता धरायचा आणि कोणता टाकायचा याला डोके लागते. क्लबचे लोक सुटले. हा निकाल पुढे पत्त्यांच्या प्रत्येक क्लबने जवळ बाळगला. मात्र त्यातले आणखी एक वाक्य फारसे कुणी उद्धृत करत नाही. जागेचा मालक खेळातून नफा किंवा लाभ घेत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असा त्याचा आशय होता.

कर्नाटकात हाच विचार पोलीस कायद्यात होता. १९६३च्या त्या कायद्याच्या १७६व्या कलमाने कौशल्याचे खेळ जुगाराच्या तरतुदींतून वगळले होते. त्या आधारावर पोकर खेळवणाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. २०१३ साली न्यायालयाने सांगितले, की पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला जात असेल तर परवान्याची गरज नाही. बंगळूरच्या क्लबांना हवा होता तेवढा आधार मिळाला.

इतर राज्यांची उत्तरे वेगळी होती. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने ब्रिज, रमी आणि नॅपबरोबर पोकरचे नाव घेऊनच त्याला जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारच म्हटले. महाराष्ट्रात १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालू राहिला. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा एक कायदा १९७६ साली इथे संमत झाला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. म्हणजे बावन्न पत्ते तेच, पण राज्याची सीमा ओलांडली की खेळाडू खेळाडूचा जुगारी होतो किंवा जुगाऱ्याचा खेळाडू.

आता अशा टेबलावर हौसेने जाऊन बसणाऱ्याकडे पाहू. हा पोटासाठी खेळणारा नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटलेला, मित्रांबरोबर दिवाळीत तीनपत्ती खेळलेला, २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनीसाने लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर नेले ही गोष्ट ऐकलेला. त्याला दोन पत्ते मिळतात. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात. त्यांतली एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. ती आली तरी एकट्या प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पत्त्यांपुढे ती शंभरातल्या साधारण ८५ वेळा टिकते, १५ वेळा नाही. त्यामुळे एका रात्रीत नवखा जिंकू शकतो आणि मुरलेला हरू शकतो. शंभर रात्रींचा हिशेब वेगळा असतो. तिथे पत्ते सगळ्यांना सारखेच येतात. उरतो तो फरक कौशल्याचा.

इथे न्यायालयातला युक्तिवाद उलटा फिरतो. पोकर कौशल्याचा खेळ आहे हे क्लबसाठी संरक्षण आहे. हौशी माणसासाठी तो इशारा आहे. नशिबाच्या खेळात दोघे अडाणी समान असतात. कौशल्याच्या खेळात कमी येणारा माणूस जास्त येणाऱ्याला नियमाने पैसे देत राहतो. खेळ जितका कौशल्याचा, तितके हे देणे पक्के.

त्यातच टेबल ठेवणाऱ्याचा वाटा येतो. कुठे तो तासाच्या शुल्काने घेतात, कुठे प्रत्येक डावातून टक्केवारीने. पोकरच्या भाषेत त्याला रेक म्हणतात, आपल्याकडच्या अड्ड्यांवर नाल म्हणत. उदाहरणादाखल हिशेब करू. आठ जण प्रत्येकी ५००० रुपये घेऊन बसले, तासाला २५ डाव झाले, दर डावात सरासरी १००० रुपये जमले आणि त्यातले पाच टक्के टेबलाचे. पाच तासांत ६२५० रुपये टेबलावरून उठून गेलेले असतात, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या पैशांहून जास्त. कोण जिंकले, कोण हरले, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे पाच टक्के नवे नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के घ्यावेत आणि फाशांचे भाडे वेगळे घ्यावे, असे सांगितले आहे. या ग्रंथाची पोथी १९०५ साली आर. शामशास्त्री यांना सापडली ती म्हैसुरातच. कौटिल्याने खेळ कौशल्याचा की नशिबाचा याची चर्चा केली नाही. जागा कुणाची, फासे खरे की खोटे आणि वाटा किती, एवढे त्याने ठरवून दिले.

महाभारताने मात्र कौशल्याची बाजू नीट ओळखली होती. युधिष्ठिराला द्यूत आवडते पण खेळता येत नाही, हे सभापर्वात शकुनीच सांगून ठेवतो. हौशी खेळाडूची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही. पुढे वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतो. नळ सर्वस्व हरतो. मग बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजणाऱ्या ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो आणि तेव्हाच राज्य परत मिळवतो. गोष्ट संपवून बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतो. ती मिळते तेव्हा सभेतला डाव होऊन गेलेला असतो.

कायद्याची चर्चा अजून कौशल्याभोवतीच आहे. २०२१ साली कर्नाटकाने पोलीस कायदा दुरुस्त करून पैसे लावून खेळायच्या कौशल्याच्या खेळांनाही ऑनलाइन बंदी घातली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांसाठी कौशल्य आणि नशीब हा भेदच काढून टाकला. प्रत्यक्ष टेबलांना तो लागू नाही. तिथे अजून जुना राज्य कायदा आणि जुना प्रश्न आहे.

या सत्तर वर्षांत न्यायालयांनी खेळाला विचारले, तुझ्यात कौशल्य किती? टेबलाशी बसायला निघालेल्याने तोच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. आणि टेबलावरच्या आठांत कौशल्य कमी असलेला कोण, हे अर्ध्या तासात कळले नाही, तर उत्तरासाठी आणखी पैसे मोजू नयेत.