रेडिओफ्रिक्वेन्सीने त्वचा घट्ट करण्याच्या पद्धती : फरक, परिणाम आणि मर्यादा

कोलकात्यात दुर्गापूजेपूर्वीचे आठवडे हे जसे वस्त्रखरेदीचे, तसेच सौंदर्योपचारांचेही असतात. या काळात शस्त्रक्रिया न करता सैल पडलेली त्वचा घट्ट करून देणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारांविषयी त्वचारोगतज्ज्ञांकडे विचारणा होते. थर्माज, अ‍ॅक्सेंट, पेलेव्ह, व्हीनस फ्रीझ अशी यंत्रांची अनेक नावे कानावर पडतात आणि यांतील कोणते चांगले, असा प्रश्न केला जातो. तथापि, पूजेच्या पंधरा दिवस आधी विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र समाधानकारकपणे देऊ शकत नाही. त्याचे कारण या उपचाराच्या मूळ तत्त्वातच आहे.

उपचारामागील तत्त्व

त्वचेच्या बाह्य थराखाली डर्मिस म्हणजे अंतस्त्वचा असते. तिला आकार आणि ताण देण्याचे कार्य कोलॅजन या प्रथिनाचे तंतू करतात. वाढते वय, ऊन आणि धूम्रपान यांमुळे हे तंतू विरळ व तुटक होतात. उच्च वारंवारतेचा विद्युत्प्रवाह अंतस्त्वचेतून नेल्यास ऊतींच्या विद्युत्-रोधामुळे तेथे उष्णता निर्माण होते. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियस तापमानाला कोलॅजनच्या तंतूंची वीण सुटते आणि ते आखडतात. हा पहिला, तात्काळ परिणाम होय. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा असला तरी तो सावकाश होतो. या उष्णतेला शरीर जखम समजते आणि नवे कोलॅजन तयार करू लागते. या प्रक्रियेस तीन ते सहा महिने लागतात. उपचारानंतर लगेच आरशात दिसणारा घट्टपणा बऱ्याच अंशी सुजेचा असतो व तो काही दिवसांत उतरतो.

उच्च वारंवारतेचा प्रवाह शरीरातून नेला असता स्नायूंना झटका बसत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन द आर्सोनव्हाल यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले होते. पुढे १९२६ साली अमेरिकेत विल्यम बोव्ही यांनी तयार केलेल्या उपकरणाच्या साहाय्याने हार्वे कुशिंग यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविला. आज बहुतेक शस्त्रक्रियागृहांत वापरले जाणारे विद्युत्-छेदन उपकरण याच परंपरेतील आहे. त्वचा घट्ट करणारी यंत्रे ही त्याचीच सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

कोलकात्याचा रेडिओलहरींशी संबंध मात्र यापेक्षा जुना आणि वेगळ्या स्वरूपाचा आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास येथील टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींमधून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर इतकीच होती. त्वचेच्या उपचारातील वारंवारता १ ते ४० मेगाहर्ट्झ एवढी, म्हणजे त्याहून कितीतरी कमी असते आणि येथे लहर शरीरावर फेकली जात नाही, तर विद्युत्प्रवाह त्वचेतून वाहविला जातो. हा भेद लक्षात घेतल्यास 'रेडिओलहरींचा मारा' हा जाहिरातीतील शब्दप्रयोग किती सैल आहे, हे ध्यानात येईल.

यंत्रांतील खरा फरक

यंत्रांची नावे पुष्कळ असली तरी त्यांतील मूलभूत फरक प्रवाह कोठून शिरतो आणि कोठून बाहेर पडतो, एवढाच आहे.

मोनोपोलर पद्धतीत एक विद्युत्-अग्र डॉक्टरांच्या हातातील हँडपीसवर असते आणि प्रवाह परत नेणारे दुसरे पॅड रुग्णाच्या पाठीला वा पोटाला चिकटविले जाते. प्रवाह शरीरातून लांबचा प्रवास करतो. त्यामुळे उष्णता अधिक खोल, अंतस्त्वचेच्या तळापर्यंत आणि चरबीच्या थरातील तंतुमय पडद्यांपर्यंत पोहोचते. थर्माज हे या पद्धतीचे सर्वांत परिचित यंत्र असून ते ६.७८ मेगाहर्ट्झवर चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास २००२ साली प्रथम डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. पुढे ती चेहरा व शरीराच्या अन्य भागांसाठी वाढविण्यात आली. त्याच्या टिपमधून शीतकारक फवारा सोडला जातो. त्यामुळे वरची त्वचा थंड राहते आणि उष्णता खाली केंद्रित होते. बहुधा एकाच सिटिंगमध्ये उपचार पूर्ण होतो.

आरंभीच्या काळात या यंत्राचा वापर अधिक ऊर्जेने, प्रत्येक जागी एकदाच, असा केला जात असे. रुग्णांना तीव्र वेदना होत. काहींच्या त्वचेखालील चरबी वितळून गालांवर खड्डे पडल्याची नोंद झाली. त्यानंतर कमी ऊर्जेचे अनेक फेरे देण्याची रीत रूढ झाली. रुग्णाला कितपत उष्ण वाटते, हे विचारत विचारत मात्रा ठरविली जाऊ लागली. यंत्र तेच राहिले, परंतु वापराची पद्धत बदलल्याने धोका कमी झाला व समाधानही वाढले. यंत्रांची तुलना करताना ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

पेलेव्ह हेही मोनोपोलर यंत्र असून त्यात झटपट उष्णतेऐवजी हँडपीस सतत फिरवीत ठेवून त्वचेचे तापमान हळूहळू ४० ते ४२ अंशांपर्यंत नेले जाते. अ‍ॅक्सेंट यंत्राची युनिपोलर पद्धत ४०.६८ मेगाहर्ट्झवर चालते. तिला परतीच्या पॅडची आवश्यकता नसते. (६.७८ आणि ४०.६८ हे आकडे कंपन्यांनी मनाने निवडलेले नाहीत. औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय वापरासाठी आंतरराष्ट्रीय करारान्वये राखून ठेवलेल्या वारंवारतांपैकी ते आहेत.)

बायपोलर पद्धतीत दोन्ही विद्युत्-अग्रे हँडपीसवरच, शेजारी शेजारी असतात. प्रवाह त्या दोहोंमधूनच वाहतो आणि उष्णता त्यांच्यातील अंतराच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंतच पोहोचते. म्हणून ही पद्धत अधिक नियंत्रित, कमी वेदनादायी, परंतु उथळ असते. ही उणीव भरून काढण्यासाठी काही यंत्रांत त्वचा निर्वाताने ओढून घेतली जाते, तर काहींत प्रकाश वा लेसरची जोड दिली जाते. तीन किंवा अधिक अग्रे असलेली मल्टिपोलर यंत्रे हा त्याचाच विस्तार होय. व्हीनस फ्रीझ हे त्यांतील एक. नावात 'फ्रीझ' असले तरी ते त्वचा गरमच करते. या गटातील उपचारांसाठी आठवड्याच्या वा पंधरवड्याच्या अंतराने अनेक सिटिंग घ्याव्या लागतात आणि परिणाम टिकविण्यासाठी पुढेही अधूनमधून यावे लागते. त्यामुळे एका सिटिंगच्या दराची तुलना फसवी ठरते. संपूर्ण क्रमाचा खर्च विचारणे श्रेयस्कर.

सुयांच्या साहाय्याने रेडिओफ्रिक्वेन्सी थेट अंतस्त्वचेत सोडणारी मायक्रोनीडलिंग यंत्रेही उपलब्ध आहेत. त्यात त्वचेला छिद्रे पडत असल्याने तो उपचार या लेखात विचारात घेतलेल्या पद्धतींमध्ये मोडत नाही. तरीही अनेक ठिकाणी दोन्हींची एकत्रच जाहिरात केली जाते. भाजणे, व्रण राहणे, चरबी नष्ट होणे आणि मज्जातंतूंना इजा अशा तक्रारींची दखल घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या यंत्रांबाबत सुरक्षा सूचना प्रसृत केली होती.

आकड्यांचा अर्थ

थर्माजच्या प्रथम मान्यतेशी निगडित बहुकेंद्रीय अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८६ जणांच्या डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर एकदा उपचार करून सहा महिन्यांनी छायाचित्रे तपासण्यात आली. ८३.२ टक्के ठिकाणी सुरकुत्यांच्या श्रेणीत किमान एका अंकाची सुधारणा आढळली. हा आकडा जाहिरातींस सोयीचा आहे. त्याच अभ्यासात उपचाराबद्दल समाधानी वा अतिशय समाधानी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के होते. भुवया किमान अर्धा मिलिमीटर उचलल्या गेल्याचे प्रमाण ६१.५ टक्के निघाले. छायाचित्रावरून परीक्षकाला दिसणारा बदल आणि स्वतः रुग्णाला जाणवणारा बदल यांतील हे अंतर प्रत्येक इच्छुकाने पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावयास हवे. अर्धा मिलिमीटर हे मोजपट्टीवर दिसते, नातेवाइकांना दिसेलच असे नाही.

यंत्रांची एकमेकांशी समोरासमोर तुलना करणारे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात दहा जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस युनिपोलर व दुसऱ्या बाजूस बायपोलर हँडपीस वापरण्यात आला. दोन्ही बाजूंना अल्प सुधारणा दिसली, परंतु दोहोंत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. एका यंत्राला दुसऱ्यापेक्षा निर्विवाद श्रेष्ठ ठरविणारा दावा कोणी करीत असल्यास त्यामागे भक्कम पुरावा असण्याची शक्यता त्यामुळे कमीच आहे.

शस्त्रक्रियेशी तुलना करताना चित्र अधिक स्पष्ट होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुयांच्या रेडिओफ्रिक्वेन्सीने त्वचेच्या सैलपणात सरासरी १६ टक्के, तर फेसलिफ्ट शस्त्रक्रियेने ४९ टक्के सुधारणा झाल्याचे आढळले. अंतस्त्वचेत थेट ऊर्जा सोडणाऱ्या पद्धतीची ही मजल असेल, तर केवळ पृष्ठभागावरून केलेल्या उपचाराकडून फेसलिफ्टची अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. सौम्य वा मध्यम सैलपणा, बऱ्यापैकी जाड त्वचा आणि माफक अपेक्षा असलेल्या व्यक्तीस या उपचाराचा लाभ होतो. मानेवर लोंबणारी त्वचा किंवा वजन मोठ्या प्रमाणात घटल्यामुळे पोटावर पडलेल्या घड्या यांसाठी तो उपाय नव्हे.

सावळी त्वचा आणि भाजण्याचा धोका

भारतीय रुग्णांच्या दृष्टीने रेडिओफ्रिक्वेन्सीचा एक गुण खरोखर मोलाचा आहे. लेसर आणि तीव्र प्रकाशाची ऊर्जा त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते. त्यामुळे सावळ्या त्वचेवर डाग पडण्याची भीती असते. विद्युत्प्रवाहाला मात्र रंगाशी कर्तव्य नाही. तो ऊतींच्या रोधानुसार वाहतो. यामुळेच ही यंत्रे 'सर्व वर्णांसाठी सुरक्षित' म्हणून सांगितली जातात.

हे विधान अर्धेच खरे आहे. प्रवाह रंग पाहत नाही, परंतु जखम पाहते. हँडपीस एका जागी क्षणभर अधिक थांबला, जेल कमी पडले किंवा टिप त्वचेला पूर्णपणे टेकली नाही, तर प्रवाह कडेला एकवटून त्वचा भाजते. आणि भाजलेल्या सावळ्या त्वचेवर पडणारा काळसर डाग गोऱ्या त्वचेपेक्षा गडद असतो आणि अनेक महिने टिकतो. २००३ च्या अभ्यासात दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्याचे प्रमाण ०.३६ टक्के होते. हे प्रमाण रुग्णांमागे नसून यंत्राच्या प्रत्येक स्पर्शामागे मोजलेले आहे आणि एका चेहऱ्यावर असे शेकडो स्पर्श होऊ शकतात. पुढील काळात ऊर्जा कमी केल्याने धोका घटला, पण नाहीसा झाला नाही. संवेदना बधिर केलेल्या रुग्णाला भाजत असल्याचे सांगता येत नाही, म्हणून गाढ भूल देऊन हा उपचार करणे इष्ट मानले जात नाही.

हृदयात पेसमेकर वा तत्सम विद्युत् उपकरण बसविलेल्यांनी हा उपचार घेऊ नये. गर्भवती महिलांनी तो टाळावा. उपचाराच्या भागात धातूचे रोपण, जंतुसंसर्ग वा उघडी जखम असल्यास डॉक्टरांना आधीच कल्पना देणे आवश्यक आहे.

चिकित्सालयाची निवड आणि कायदा

कोलकात्यास वैद्यकशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना १८३५ ची, तर 'इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी' हे त्वचाविज्ञानाचे नियतकालिक १९५५ पासून या शहराशी निगडित आहे. पात्र त्वचारोगतज्ज्ञांची येथे वानवा नाही. असे असूनही हँडपीस प्रत्यक्षात कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न विचारण्यास रुग्ण संकोचतात. यंत्राच्या नावापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि वैद्यकीय आस्थापनाची नोंदणी या दोन भिन्न बाबी आहेत. पश्चिम बंगालमध्ये २०१७ च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यान्वये चिकित्सालयांना नोंदणी बंधनकारक असून, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी राज्य नियामक आयोग नेमण्यात आला आहे. अवाजवी बिल किंवा सेवेतील त्रुटी यांबाबत आयोगाकडे दाद मागता येते. डॉक्टरांच्या वैद्यकीय हलगर्जीपणाची चौकशी मात्र राज्य वैद्यकीय परिषदेच्या कक्षेत येते. केंद्र शासनाने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली आहेत.

थर्माजसारख्या यंत्राची टिप एकाच रुग्णासाठी आणि ठरावीक स्पर्शांपुरती असते. ती आपल्यासमोर वेष्टनातून उघडली जावी, असा आग्रह रुग्णाने धरावा. यंत्राचे नाव, टिपचा क्रमांक, वापरलेली ऊर्जा, उपचार करणाऱ्याचे नाव आणि आधीची छायाचित्रे यांची लेखी नोंद मागून घ्यावी. पुढे तक्रार करण्याची वेळ आलीच, तर कोणतीही चौकशी याच नोंदींपासून सुरू होते.