पेढीचा पूल आणि बोथट नाक

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत वलगाव लागते आणि वलगावला पेढी नदी. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच नदीकाठी देह ठेवला, म्हणून पुलावर आमचे हात आपोआप जुळतात. आज मात्र, वाचकहो, पुलाच्या खांबाकडे पाहू. भरल्या नदीचे पाणी खांबाशी पोचण्याआधीच दुभंगू लागते. पुढे अडथळा आहे ही वर्दी त्याला लागलेली असते.

हवेतही अशी वर्दी जाते, ध्वनीच्या वेगाने. पण वस्तूच ध्वनीहून वेगाने निघाली तर? वर्दी मागे पडते, हवा बेसावध सापडते आणि वस्तूपुढे दाबाची पातळ भिंत उभी राहते. हाच आघात-तरंग. अर्न्स्ट माख यांनी १८८७ साली बंदुकीच्या गोळीपुढील या भिंतीचे छायाचित्र प्रसिद्ध केले. चित्र मिळाले, हिशेब मात्र पुढे पाऊणशे वर्षे चकवीत राहिला.

दिवाळीतल्या बाणाला टोक शोभते. अंतराळातून परतणाऱ्या यानाला टोक दिले तर ते जळून जाईल. त्याचे नाक बोथटच हवे, हे अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी १९५१ साली ताडले. बोथट नाकापुढे ती भिंत अंतर राखून उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच निघून जाते. घोळ होतो तो इथेच. भिंत आणि नाक यांमधल्या कप्प्यातली हवा ध्वनीहून मंद, बाजूची ध्वनीहून वेगवान. दोहोंची गणिते दोन जातींची आणि त्यांची सीमा कुठे, हे उत्तर हाती आल्यावाचून कळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलीच गत!

मोरेत्ती आणि ॲबट यांनी १९६६ साली गाठ सोडविली. स्थिर प्रवाह एकदम शोधूच नका; ढोबळ अंदाज मांडा आणि काळाला चालू द्या. काळ हिशेबात आला की साऱ्या हवेचे गणित एकाच जातीचे होते. जागेचे चौकोन पाडायचे, क्षणाक्षणाला प्रत्येकातली हवा मोजायची. खळबळ शमल्यावर उरते ते उत्तर. पथ्य एकच: त्या क्षणात वर्दीने एकाहून अधिक चौकोन ओलांडता कामा नये. कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी यांनी ते १९२८ सालीच सांगून ठेवले होते.

पण चौकोन लाखांनी पाडायचे तर यंत्र तसेच दांडगे हवे, आणि १९८०च्या दशकात परदेशी महासंगणक आपल्याला एकतर नाकारले जात, नाहीतर जाचक अटींवर मिळत. तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ साली प्रवाहांच्या गणितासाठी ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर चालणारे यंत्र स्वतःच उभारले. त्याच वर्षी तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील सुरेश देशपांडे यांनी नवी रीत मांडली. चौकोनाच्या कुंपणावर उभे राहून पाहायचे: उजवीकडे धावणारे रेणू डाव्या घरची खबर आणतात, डावीकडे धावणारे उजव्या घरची. दोन्ही खबरा वेगळ्या मोजून मग बेरीज करायची. मला स्वतःला या सबंध इतिहासात हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, तो विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडचेच!

२२ जानेवारी २००७ रोजी भारताची पहिली परतीची कुपी बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिचे नाक बोथट होते.