विम्याच्या कागदावरचे शब्द : सही करण्याआधी समजून घ्या

नाशिक : विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्याबद्दल आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. पण मोटार वाहन कायद्यानुसार गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि अनेकांना नोकरीतून आरोग्य विमाही मिळतो. म्हणजे विम्याचा कागद घरात येतोच. क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा त्यातला एखादा शब्द न कळल्यामुळे.

प्रीमियम : आपण भरतो तो हप्ता.

सम इन्शुअर्ड : वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम.

वेटिंग पिरियड : काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ. नव्या आरोग्य पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस सहसा क्लेम मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असते. शुगर, बीपी असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. एजंट "राहू द्या" म्हणाला तरी लिहा. लपवलेलं नंतर उघड झालं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

को-पे : बिलातला आपला ठरलेला वाटा. २० टक्के को-पे म्हणजे १ लाखाच्या मंजूर बिलात २० हजार आपले.

रूम रेंट मर्यादा : सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मर्यादा रोजची ३ हजार आणि खोली घेतली ६ हजारांची, तर फक्त भाड्यातला फरक जात नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही निम्मेच मिळू शकतात. ॲडमिट होतानाच मर्यादा विचारा.

थर्ड पार्टी : आपल्या गाडीमुळे समोरच्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीची चोरी किंवा मोडतोड यात येत नाही.

आयडीव्ही : विम्यात धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली तर भरपाई याच आकड्यावर ठरते.

नॉमिनी : आपल्या पश्चात कंपनी ज्याच्या हाती रक्कम देते तो. नॉमिनी आणि वारस एकच असतील असं नाही. शरियतप्रमाणे हिस्से कंपनी पाडत नाही, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. लग्नानंतर नॉमिनीचं नाव बदलायचं राहिलं नाही ना, तेही बघा.

फ्री लूक : नवी जीवन किंवा आरोग्य विमा पॉलिसी पटली नाही तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात.

तकाफुल : सगळ्यांनी वर्गणी काढून अडचणीत आलेल्या सभासदाला मदत करायची इस्लामी पद्धत. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे या नावानं कुणी पैसे मागितले तर नोंदणी तपासा.

क्लेम नाकारला तर? कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. नाशिक जिल्हा पुणे कार्यालयाकडे येतो. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. सल्ल्यासाठी विमा नियामकाचा टोल फ्री नंबर आहे १५५२५५.